तारखेच्या पोटातली वेळ

रमजान पंधरा दिवसांवर आला की ठाण्याच्या राबोडीत, मुंब्र्यात, कल्याणच्या दूधनाक्यावर सहर-इफ्तारची वेळापत्रके वाटली जातात. एका बाजूला तीस दिवसांच्या वेळा, दुसऱ्या बाजूला दुकानाची जाहिरात. आता त्या कागदाच्या जोडीला मोबाइल आला आहे. घरातला मुलगा किंवा मुलगी संगणकाचे शिक्षण घेत असेल, तर स्वतःच्या हौसेने लिहिलेला पहिला प्रोग्रॅम पुष्कळदा याच विषयावरचा असतो. आजची तारीख घ्यायची, तिला सहरची वेळ लावायची, मग इफ्तारची लावायची आणि वेळ झाली की फोनने आवाज द्यायचा. ऐकायला हे काम दोन ओळींचे वाटते.

या महिन्यात आम्ही याच दोन ओळींबद्दल लिहिणार आहोत. प्रोग्रॅममध्ये हातात एक तारीख असते आणि तिची वेळ तेवढी बदलायची असते. हे करताना कुठे घसरायला होते, ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलांनी तर समजून घ्यावेच. पण ज्यांना प्रोग्रॅमशी काही देणेघेणे नाही अशा अम्मी-अब्बांनीही समजून घ्यावे, कारण घसरण होते तिथे तर त्रास घरच्यांनाच होतो.

तारीख नव्हे, क्षण

आपण ‘५ मार्च’ म्हणतो तेव्हा मनात एक अख्खा दिवस असतो. संगणकाचे तसे नाही. जावास्क्रिप्ट या भाषेत, जिच्यावर आपल्या फोनमधली बहुतेक संकेतस्थळे चालतात, तारीख म्हणजे एक लांबलचक आकडा असतो. १ जानेवारी १९७० रोजी ग्रीनिचच्या घड्याळात मध्यरात्रीचे बारा वाजले, तिथपासून आतापर्यंत किती मिलिसेकंद झाले, एवढेच तो आकडा सांगतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. ग्रीनिचला बारा वाजले तेव्हा ठाण्यात पहाटेचे साडेपाच वाजले होते. म्हणजे संगणकाच्या मोजणीची सुरुवातच आपल्या मध्यरात्रीला नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवायची. अशा डेट ऑब्जेक्टमध्ये वेळ नसलेली तारीख ठेवताच येत नाही. तुम्ही वेळ सांगितली नाही तरी संगणक एक वेळ गृहीत धरतो. ती ठाण्याची मध्यरात्र असेल की ग्रीनिचची, हे तारीख कशी लिहिली यावर ठरते. तारीख ‘२०१०-०३-०५’ अशी अक्षरांत दिली तर जावास्क्रिप्ट ग्रीनिचची मध्यरात्र धरते. वर्ष, महिना, दिवस असे तीन सुटे आकडे दिले तर फोन ज्या गावात आहे तिथली मध्यरात्र धरते. त्यात महिने शून्यापासून मोजायचे, म्हणजे मार्चसाठी २ लिहायचे. ही खोड तिने जावा या भाषेकडून घेतली. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत उभी केली आणि तारखेचा भाग जावातून जवळजवळ जसाच्या तसा उचलला. घाईत उचललेले ते ओझे जगभरचे प्रोग्रॅमर अजून वाहत आहेत.

एक दिवस मागे गेलेली जन्मतारीख

कल्याणच्या एका वाचक भगिनींनी आम्हाला कळवले की त्यांनी मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरला. जन्मतारीख ५ मार्च २०१० अशी निवडली. पडद्यावर ५ मार्च दिसत होती. छापील प्रत हाती आली तेव्हा तिच्यावर ४ मार्च होते. दाखल्यावर ५, आधारवर ५, अर्जावर ४. अर्ज परत आला आणि ‘तुम्हीच चुकीचे भरले असेल’ हे वर ऐकावे लागले.

ते कोणते संकेतस्थळ, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. आत काय झाले असावे, ते मात्र ओळखीचे आहे. अर्ज भरणाऱ्याने ५ मार्च निवडली, तेव्हा प्रोग्रॅमने तिला आपल्याकडची मध्यरात्र जोडली, म्हणजे ५ मार्च, रात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटे. पाठवताना तोच क्षण ग्रीनिचच्या घड्याळात लिहिला गेला. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, तेव्हा तिथे होते ४ मार्च, सायंकाळचे साडेसहा. पुढे कोणीतरी ‘वेळेची काय गरज’ म्हणून त्यातला वेळेचा भाग कापून टाकला. उरली ४ मार्च.

भारतात बसून तपासणाऱ्याला ही चूक सहसा दिसत नाही. साठवलेला क्षण पुन्हा आपल्या फोनवर उघडला की साडेपाच तास परत मिळवले जातात आणि ५ मार्चच दिसते. छापील प्रत मात्र ग्रीनिचच्या घड्याळावर चालणाऱ्या दूरच्या संगणकावर तयार होते. तिथे साडेपाच तास मिळवणारे कोणी नसते.

अनेक प्रोग्रॅमर यावर तोडगा म्हणून मध्यरात्रीऐवजी दुपारचे बारा लावतात. बारातून साडेपाच वजा केले तरी सकाळचे साडेसहा उरतात आणि तारीख बदलत नाही. तोडगा चालतो, पण ती ठिगळपट्टी आहे. जन्मतारखेला वेळच नको, तर वेळ लावायचीच कशाला? ती वर्ष-महिना-दिवस अशी साधी नोंद म्हणूनच ठेवावी. जावाने २०१४ मध्ये आठव्या आवृत्तीत ‘लोकल डेट’ नावाचा प्रकार दिला तो याचसाठी. त्यात वेळ नाही, देश नाही, फक्त दिवस आहे.

पालकांनी एवढे करावे. अर्ज पाठवण्याआधी भरलेल्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि छापील प्रतीवरची तारीख तिथल्या तिथे ताडून पाहावी. तारीख बरोबर एकाच दिवसाने मागे गेली असेल, तर कार्यालयात स्क्रीनशॉट दाखवून ‘हा आमच्या भरण्याचा नव्हे, तुमच्या प्रोग्रॅमचा फरक दिसतो, तपासून पाहा’ असे शांतपणे पण ठामपणे सांगावे.

एकाच वहीवर दोन वेळा

आता रमजानच्या प्रोग्रॅमकडे वळू. मुलाने आजची तारीख घेतली, तिला ‘सहर’ असे नाव दिले आणि ‘सेटअवर्स’ हा हुकूम वापरून पहाटेचे ५:२० लावले. मग तीच तारीख ‘इफ्तार’ या नावाने घेतली आणि सायंकाळचे ६:४५ लावले. दोन्ही वेळा छापून पाहिल्या, तर सहरही ६:४५ आणि इफ्तारही ६:४५!

संगणकाने सांगितले तसेच केले आहे. मुलाला वाटले की हातात दोन तारखा आहेत. खरे तर वही एकच होती, तिच्यावर नावे दोन घातली होती. ‘सेटअवर्स’ नवी वही देत नाही, आहे त्याच वहीवर खाडाखोड करतो. म्हणून आधी तारखेची खरी प्रत काढायची आणि मग तिच्यावर वेळ लावायची.

पायथन भाषेत उलटा प्रकार आहे. तिथे तारखेवर खाडाखोड करताच येत नाही. ‘रिप्लेस’ हा हुकूम तास बदललेली नवी तारीख काढून हातात देतो आणि जुनी तशीच राहते. नवशिके मूल हुकूम देते, पण मिळालेली नवी तारीख कुठे ठेवतच नाही. मग ‘वेळ बदलतच नाही’ म्हणून कपाळाला हात लावते. एका भाषेत नको तिथे बदल होतो, दुसरीत हवा तिथे होत नाही. म्हणून नवी भाषा हाती घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की वेळ बदलली की मूळ तारीख बदलते, की नवी मिळते?

आणखी एक बारीक गोष्ट आहे. आत्ताची तारीख घेऊन फक्त तास आणि मिनिटे बदलली, तर सेकंद आणि मिलिसेकंद आत्ताचेच राहतात. पडद्यावर ६:४५ दिसते, पण आत ६ वाजून ४५ मिनिटे ३७ सेकंद असतात. मग ‘वेळ झाली का’ ही तुलना चुकते. तास, मिनिट, सेकंद, मिलिसेकंद अशा चारही खणांत आकडा घालावा. हिशोबातून वेळ सेकंदांसह आली आणि पूर्ण मिनिटात दाखवायची असली, तर इफ्तारची पुढच्या मिनिटावर न्यावी आणि सहर संपण्याची मागच्या मिनिटावर आणावी. एहतियात म्हणून आपले बुजुर्ग हेच करत आले. प्रोग्रॅम मात्र दोन्हीकडे एकच नियम लावून मोकळा होतो.

मध्यरात्र ओलांडताना

‘सेटअवर्स’ला २४ हा आकडा दिला तर जावास्क्रिप्ट तक्रार करत नाही, निमूट दुसऱ्या दिवशी जाते. २५ दिला तर दुसऱ्या दिवसाचा एक वाजतो. उणे एक दिला तर आदल्या रात्रीचे अकरा. सवय असलेल्याला ही सोय वाटते आणि बेसावध असलेल्याला हा सापळा ठरतो, कारण चुकीचा आकडा गेला तरी कोणी हटकत नाही. पायथन इथे कडक आहे. २४ दिला की सरळ नकार देते.

तहज्जुदसाठी रात्रीचा शेवटचा तिसरा हिस्सा काढायचा आहे, असे समजा. मगरिब सायंकाळी ६:४५ ला आणि फज्र पहाटे ५:३५ ला धरू. मधली रात्र १० तास ५० मिनिटांची, म्हणजे ६५० मिनिटांची. तिचा तिसरा हिस्सा ३ तास ३७ मिनिटांहून किंचित कमी. फज्रमधून तो वजा केला की शेवटचा हिस्सा सुमारे १:५८ ला सुरू होतो. कागदावर हे पाच मिनिटांचे गणित आहे. प्रोग्रॅममध्ये मात्र मुलाने दोन्ही वेळा आजच्याच तारखेला लावल्या, तर फज्र मगरिबच्या आधीची ठरते आणि रात्रीची लांबी उणे येते. फज्र उद्याच्या तारखेची आहे हे संगणकाला सांगावे लागते, त्याला ते आपोआप कळत नाही.

आपल्यासाठी याहून मोठा प्रश्न असा की दिवस बदलतो कधी? डेट ऑब्जेक्टचा दिवस मध्यरात्री बदलतो. हिजरी तारीख सूर्यास्ताला बदलते. गुरुवारी सायंकाळी मगरिब झाली की आपल्या घरात जुम्याची रात्र सुरू होते, फोनच्या लेखी मात्र गुरुवारच चालू असतो. म्हणून हिजरी तारीख दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने आधी त्या गावचा सूर्यास्त पाहिला पाहिजे. तो होऊन गेला असेल तर हिजरी तारीख एकाने पुढे न्यायची. शिवाय फोनमधली हिजरी तारीख बहुधा सौदी अरबच्या ‘उम्म अल-कुरा’ या आधीच आखलेल्या दिनदर्शिकेवरून येते. आपल्याकडे महिना चाँद दिसल्यावर ठरतो. त्यामुळे एका दिवसाचा फरक दिसला तर फोनच्या सेटिंगमध्ये तारीख मागे-पुढे करण्याची सोय शोधावी. रोजा आणि ईद यांचा निर्णय आकड्यावर सोपवू नये.

तेवीस मिनिटांचे भूत

पायथनमध्ये तारखेला ‘ही भारताची वेळ आहे’ असे सांगावे लागते. त्यासाठी जगभरच्या संगणकांत एक सामाईक यादी असते. तिच्यात भारताचे नाव ‘एशिया/कोलकाता’ असे आहे. मुंबईचे नाव तिच्यात नाही, कारण १९७० पासून ज्या भागात घड्याळ एकसारखे चालले त्या भागासाठी यादी एकच गाव निवडते. प्रत्येक गावाच्या नावाखाली तिथल्या घड्याळाचा इतिहास नोंदलेला असतो. कोलकात्याची पहिली ओळ आहे तिथल्या सूर्याच्या वेळेची, ग्रीनिचच्या सुमारे ५ तास ५३ मिनिटे पुढे.

पायथनची ‘पायटीझेड’ नावाची जुनी लायब्ररी अजून पुष्कळ प्रोग्रॅममध्ये वापरात आहे. तिच्यातून कोलकाता घेऊन ते ‘रिप्लेस’ने तारखेला सरळ चिकटवले, तर ती ही पहिली ओळ उचलते. मग मुलाने लावलेले ६:४५ आजच्या घड्याळात प्रत्यक्षात ६:२२ ठरतात. फोन तेवीस मिनिटे आधी वाजतो. सूर्य अजून वर आहे आणि कोणी फोनवर विसंबून खजूर तोंडात घातला, तर दिवसभराचा रोजा गेला. त्या लायब्ररीत ‘लोकलाइज’ हा हुकूम वापरला की हा घोटाळा होत नाही. २०२० मध्ये आलेल्या पायथन ३.९ मध्ये ‘झोनइन्फो’ आहे, तिच्यातही हे भूत नाही. नव्या मुलांनी तीच वापरावी.

हे भूत आले कुठून, याचे उत्तर आपल्या रेल्वेमार्गाच्या आसपास सापडते. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३:३५ ला बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी सुटली. पुढच्या वर्षी रेल्वे कल्याणला पोहोचली. त्या काळी गावोगावचे बारा वेगळे होते, सूर्य डोक्यावर आला की त्या गावचे बारा वाजत. गाड्या धावू लागल्यावर ते परवडेना. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ आली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईने मात्र आपली वेळ सोडली नाही. प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकून राहिली. एखाद्या घरात आजोबांच्या जन्माचे टिपण असेल, ‘मुंबई, १९५०, सकाळी आठ’, तर ते कोणते आठ, हे कुटुंबालाच ठरवावे लागेल. मुंबई टाइमचे आठ म्हणजे प्रमाणवेळेचे आठ वाजून ३९ मिनिटे. संगणकाच्या यादीत मुंबई टाइम नाही, तेव्हा संगणक हे सांगणार नाही.

ती ३९ मिनिटे रोज जोहरच्या वेळी आपल्यासमोर असतात. ठाण्यात जवाल ठीक बाराला होत नाही, वर्षाची सरासरी काढली तर बारा वाजून ३८ मिनिटांच्या आसपास होतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२:२२ पर्यंत अलीकडे येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:५२ पर्यंत पलीकडे जातो. प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरची आहे, आपण तिच्या बरेच पश्चिमेला आहोत. सूर्य एक अंश सरकायला चार मिनिटे घेतो. याच हिशोबाने कुलाब्यापेक्षा कल्याणला सूर्य सुमारे सव्वा मिनिट आधी मावळतो. मुंबईचे वेळापत्रक कल्याण-डोंबिवलीत वापरताना हे मिनिट ध्यानात ठेवावे, विशेषतः सहरच्या वेळी.

आधी ठरवा, मग बदला

एवढे सगळे सांगून झाल्यावर मुलांना सांगण्यासारखी गोष्ट एकच उरते. तारखेची वेळ बदलण्याआधी आपल्या हातात नेमके काय आहे, ते ठरवा. ते तीनपैकी एक असते.

पहिला प्रकार म्हणजे नुसता दिवस. जन्मतारीख, निकाहची तारीख, शाळेत दाखल झाल्याचा दिवस. याला वेळ लावूच नका.

दुसरा म्हणजे घड्याळातली वेळ. अम्मीची मधुमेहाची गोळी सकाळी आठला आहे. ती उमराहला गेली तर तिथल्या आठला घ्यायची की इथल्या, हे डॉक्टरांना विचारून ठरेल, पण प्रोग्रॅममध्ये ते आधी लिहून ठेवावे लागेल.

तिसरा म्हणजे क्षण. दुबईत कामाला असलेला भाऊ बहिणीच्या निकाहला व्हिडिओवर हजर राहणार आहे. ठाण्यात चार वाजता म्हणजे त्याच्याकडे अडीच वाजता. रियाधमध्ये असता तर दीड वाजता. दोघांच्या घड्याळांत आकडे वेगळे, पण क्षण तोच. इथे गावाचे नाव जोडल्याशिवाय वेळ लिहायचीच नाही. भावाने दुबईत बसून सामाईक कॅलेंडरमध्ये नुसते ‘चार’ टाकले, तर ठाण्यातल्या फोनवर साडेपाच दिसतील आणि तोवर काजीसाहेब घरी गेलेले असतील.

या तिघांची सरमिसळ झाली की वरच्यासारखे घोटाळे होतात. प्रोग्रॅम तपासतानाही सकाळी अकराला तपासून समाधान मानू नये. मध्यरात्रीच्या पाच मिनिटे आधी आणि नंतर, पहाटे साडेपाचच्या आधी आणि नंतर, मगरिबच्या आधी आणि नंतर आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी तपासावा. फोनचे घड्याळ काही वेळ दुबईचे करून पाहावे.

ज्यांना प्रोग्रॅम लिहायचा नाही त्यांनी अ‍ॅप बसवल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. गाव ‘मुंबई’ आहे की आपले? फोनची वेळ आपोआप ठरते की हाताने लावली आहे? आणि असरसाठी कोणता मसलक निवडला आहे? आपल्या भागात कोकणी शाफई घरे आणि हनफी घरे एकाच इमारतीत राहतात आणि दोघांच्या असरमध्ये जवळजवळ तासाभराचा फरक पडतो. तो फरक म्हणजे अ‍ॅपची चूक नव्हे. मग पहिल्या रोज्याच्या आधी दोन दिवस अ‍ॅपमधली मगरिब मोहल्ल्यातल्या मशिदीच्या वेळेशी ताडून पाहा. एक-दोन मिनिटांचा फरक समजण्यासारखा आहे. तेवीस मिनिटांचा, अर्ध्या तासाचा किंवा साडेपाच तासांचा असेल, तर ते अ‍ॅप काढून टाका आणि ज्याने ते बनवले त्याला कळवा. बनवणारा आपल्याच मोहल्ल्यातला मुलगा असेल तर त्याला रागावू नका. त्याच्याजवळ बसून कोणती वेळ कुठल्या गावाची धरली, एवढे विचारा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडेल.